बटण दाबलं की अंजनवेलला कळतं

मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात माडांना पाणी लावायचं म्हणून कुणीतरी विहिरीवरच्या पंपाचं बटण दाबतं. तीन अश्वशक्तीची मोटर घरघरते, पाटाला पाणी लागतं. बटण दाबणाऱ्याच्या लेखी काम झालं. आता जरा उत्तरेकडे बघा. किनाऱ्याकिनाऱ्यानं देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड मागे टाकत गेलं की गुहागर तालुक्यात अंजनवेल लागतं. सरळ रेषेत हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. तिथे गॅसवर चालणारं वीज केंद्र आहे. त्यातला एखादा संच त्या घडीला चालू असेल, तर आचऱ्याचा पंप सुरू झाल्याची ओढ त्या संचाच्या फिरत्या दांड्याला बसते. पापणी लवायच्या आत बसते. ती इतकी बारीक असते की कुठल्याही काट्यावर दिसणार नाही, पण बसते हे नक्की.

आणि ती एकट्या अंजनवेललाच बसत नाही. कोराडीला बसते, चंद्रपूरला बसते, तारापूरच्या अणुकेंद्राला बसते, थेट पंजाबातल्या आणि तामिळनाडूतल्या केंद्रांनाही बसते. कारण ३१ डिसेंबर २०१३ या दिवशी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली, दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाच्या जाळ्याला मिळालं, आणि त्या दिवसापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी मोठी जनित्रं एका तालात फिरू लागली. मोटारींच्या कारखान्यापासून आचऱ्याच्या पंपापर्यंत सगळे त्याच एका यंत्राला जोडलेले आहेत. माणसानं बांधलेल्या सगळ्यांत मोठ्या यंत्रांपैकी हे एक, आणि त्याचं एक टोक तुमच्या भिंतीवरच्या बोर्डात आहे!

या यंत्राची पहिली अट ऐकली की चक्रावायला होतं. आत्ता तुमच्या डोक्यावर जो पंखा फिरतोय, त्याची वीज सकाळी कुठे बनवून साठवून ठेवलेली नाही. ती आत्ताच बनते आहे. बॅटऱ्या आहेत, पाणी पुन्हा वर चढवून ठेवणारे प्रकल्प आहेत, पण देशाच्या भुकेपुढे अजून तो साठा फार थोडा. ३० मे २०२४ रोजी भारताची मागणी अडीच लाख मेगावॅटपर्यंत गेली, तेव्हा तेवढीच वीज त्याच क्षणी कुठे ना कुठे तयार होत होती. सेकंदा-सेकंदाला दोन्ही पारडी सारखी ठेवायची. कोण पंप लावणार, कोण गिरणी सुरू करणार, कुठली लोकल सुटणार, हे आधी कुणीही कळवत नाही. तरीही हे जमतं कसं?

मालवणच्या किनाऱ्यावर ज्यानं रापण ओढताना पाहिली आहे, त्याला हे समजायला वेळ लागणार नाही. वाळूवर माणसांची रांग, हातात एकच दोर, आणि सगळ्यांचे पाय एका ठेक्यात मागे पडतात. जाळं अचानक जड झालं की ठेका जरा मंदावतो, आणि तो रांगेतल्या प्रत्येकाला त्याच क्षणी कळतो, कुणी ओरडून सांगावं लागत नाही. एकानं दोर सोडला तरी तसंच, उरलेल्यांच्या हातावर भार येतो. अशा वेळी काठावर बसलेले दोन गडी झटकन उठून दोराला हात घालतात, आणि रांग पुन्हा ठेक्यात येते.

विजेच्या जाळ्यातला हा ठेका म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं, पन्नास हर्ट्झ. मागणी वाढली की सगळी जनित्रं किंचित मंदावतात आणि ठेका ४९.९५ वर येतो, मागणी घटली की तो ५०.०२ वर जातो. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ हा पट्टा ठरवून दिलेला आहे. ही पट्टी किती अरुंद आहे बघा! सव्वाशे-दीडशे कोटी माणसांची बटणं एकीकडे, आणि दुसरीकडे सेकंदाच्या पन्नास ठेक्यांत एका ठेक्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त ढिलाई नको. ठेका ४९.४ पर्यंत घसरला तर यंत्रणा माणसाची वाट बघत नाही. ठिकठिकाणचे रिले आपोआप काही भागांची वीज तोडतात, म्हणजे उरलेलं जाळं वाचावं. आपण म्हणतो लाईट गेली. कधी कधी ती मुद्दाम घालवलेली असते, बाकीच्यांची राहावी म्हणून.

पहिल्या काही सेकंदांत जाळ्याला सावरतं ते निव्वळ वजन. दोनशे मेगावॅटच्या संचाचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेत असतो, आणि त्या फिरण्यातच एवढी ऊर्जा साठलेली असते की तो संच चार-पाच सेकंद पूर्ण भार नुसत्या तिच्यावर पेलू शकेल. कुठे एखादं केंद्र बंद पडलं की देशभरातले असे शेकडो दांडे आपल्या फिरण्यातली थोडी थोडी ऊर्जा जाळ्याला देऊन टाकतात. कुणाची परवानगी नाही, कुठला संगणक नाही, निव्वळ न्यूटनचे नियम. तेवढ्यात गव्हर्नर नावाची यंत्रणा जागी होते आणि वाफेची, पाण्याची, गॅसची झडप थोडी जास्त उघडते. मग मिनिटं सुरू होतात. मिनिटांच्या या खेळात कोण उपयोगी पडणार, हा खरा प्रश्न आहे.

कोळशाचं केंद्र यात जड पडतं. थंड पडलेला बॉयलर एकदम तापवता येत नाही. त्याच्या जाड पोलादी भिंती आतून-बाहेरून सारख्या तापल्या नाहीत तर तडकतात. म्हणून तो तासातासानं चढवतात, पूर्ण थंड असेल तर अर्धा दिवस सहज जातो. चालू असला तरी साधारण ५५ टक्क्यांच्या खाली आणायचा नाही, असा आपल्याकडचा दंडक आहे. भरपूर वीज सलग बनवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. आचऱ्याशेजारच्या देवगड तालुक्यात, गिर्ये आणि पुढे मुणगे इथे, ४००० मेगावॅटच्या कोळशाच्या अतिविशाल प्रकल्पाचं घाटत होतं, ते लोकांच्या विरोधापुढे बारगळलं. तो झाला असता तरी हा मिनिटांचा प्रश्न त्यानं सोडवला नसता.

वेगाचे महाराष्ट्रातले दोन गडी वेगळे आहेत आणि त्यांचा पत्ता विलक्षण आहे.

पहिली कोयना. सह्याद्रीच्या पोटात खोदलेली वीजगृहं, एकूण १९६० मेगावॅट. झडप उघडली की काही मिनिटांत वीज हजर. धरणाच्या शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगर भेदून पश्चिमेला पडतं, पोफळी-कोळकेवाडीवरून वाशिष्ठीत मिसळतं, चिपळूण ओलांडून दाभोळच्या खाडीला जातं. आणि त्या खाडीच्या मुखाशी, गोपाळगडाच्या अंगाला काय उभं आहे? अंजनवेलचं गॅस केंद्र! एकाच नदीच्या वरच्या टोकाला पाण्याचं केंद्र आणि खालच्या टोकाला गॅसचं. राज्याचे दोन सर्वांत मोठे चपळ वीजस्रोत एका वाशिष्ठीनं बांधले आहेत, हे नकाशावर पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा माणूस थबकतो.

मग कोयना असताना गॅस कशाला? कारण कोयनेचं पाणी मोजून मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी पश्चिमेला वळवायला लवादानं वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. पाणीवाटपाचं वर्ष १ जूनपासून ३१ मेपर्यंतचं. ज्या एप्रिल-मेमध्ये उकाड्यानं मागणी टोकाला जाते, नेमका तेव्हा कोट्याचा तळ दिसायला लागतो. कोयना जपून वापरावी लागते. अशा वेळी वेगाचा दुसरा भिडू लागतोच.

आता या दुसऱ्या भिडूच्या पोटात शिरू या, कारण इथे खरी कमाल आहे.

गॅस टर्बाइन म्हणजे जमिनीला खिळलेलं विमानाचं जेट इंजिन. चुलीवर पाणी उकळायचं नाही, वाफ करायची नाही. पुढच्या तोंडानं हवा ओढायची, ती पंधरा-सोळापट दाबायची, त्यात गॅस सोडून पेटवायचा, आणि फुगलेल्या झोतानं चाकं फिरवायची. अंजनवेलच्या संचांच्या जातीचं एक टर्बाइन सेकंदाला सहाशे किलोहून अधिक हवा गिळतं. हवा, जी आपल्या लेखी वजनाची गोष्टच नाही, ती सेकंदाला सहा क्विंटल!

ही हवा दाबायला ताकद लागते, आणि ती ताकदही त्याच टर्बाइनला द्यावी लागते. सगळ्यांना वाटतं, यंत्रानं निर्माण केलेली शक्ती विजेला मिळते. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त शक्ती स्वतःसाठी हवा दाबण्यातच जाते, उरते ती आपली. जगातलं वीजपुरवठ्यासाठीचं पहिलं गॅस टर्बाइन १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल गावी बसलं. ते एकूण १५,४०० किलोवॅट शक्ती निर्माण करायचं, त्यातली ११,४०० किलोवॅट त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर खायचा, आणि गावाच्या वाट्याला यायची ४००० किलोवॅट. तरी ते बसवणाऱ्यांना हा सौदा फायद्याचा वाटला, कारण ते आणीबाणीसाठी होतं. एकदम हाक मारली की धावून येणारं. गॅस टर्बाइनच्या जन्मापासून त्याचं काम ठरलेलं आहे.

पुढच्या ऐंशी वर्षांत माणसानं काय केलं? झोत आणखी तापवला. झोत जितका तापट, तितकी उरणारी शक्ती जास्त. तापवत तापवत तो तेराशे अंशांच्या वर गेला. इथे एक अशक्य वाटावी अशी गोष्ट सुरू होते. ज्या पात्यांवर हा झोत आदळतो ती निकेलच्या मिश्रधातूची असतात, आणि तो मिश्रधातू जवळपास त्याच तापमानाला वितळतो. मग पाती वितळत का नाहीत?

एक पातं डोळ्यांसमोर आणा. वीतभर-दीडवीत उंच, माशाच्या परासारखं बाकदार. बाहेरून भरीव दिसतं. आतून मात्र ते पोकळ आहे, नागमोडी वाटांनी कोरलेलं. कॉम्प्रेसरमधली थोडी हवा पेटवण्याआधीच बाजूला काढून या वाटांमधून खेळवतात. ती आतून पातं थंड करत जाते आणि पात्याच्या काठावरच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडते. म्हणायला थंड, तीही तीन-चारशे अंशांची! बाहेर पडलेली हवा पात्याच्या अंगाला चिकटून वाहते आणि झोत व धातू यांच्यामध्ये अदृश्य अस्तर धरते. वर चिनी मातीच्या जातीचा पातळ लेप असतो. एवढ्या आधारावर ते पातं मिनिटाला ३००० फेरे घेत, स्वतःच्या वजनाच्या हजारो पट ताण सोसत, सलग हजारो तास आगीत उभं राहतं. सर्वांत पुढारलेल्या यंत्रांत तर अख्खं पातं धातूच्या एकाच स्फटिकातून वाढवलेलं असतं, म्हणजे आत दोन कणांमधला जोडच नाही, तुटायचं कुठून? आपण एवढंच म्हणतो की लाईट आली.

टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूरही सहाशे अंशांच्या घरात असतो. तो हवेत सोडणं म्हणजे पैसे उधळणं. म्हणून तो धूर नळ्यांच्या जंगलातून फिरवतात, त्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती दुसरं टर्बाइन फिरवते. या दुसऱ्या संचाला गॅसचा एक थेंबही लागत नाही. नुसतं गॅस टर्बाइन इंधनातल्या उष्णतेच्या पस्तीस-चाळीस टक्क्यांची वीज करतं, ही जोडी जमली की आकडा पंचावन्नच्या पुढे जातो. फ्रान्समधल्या बुशँ इथल्या केंद्रानं २०१६ मध्ये बासष्ट टक्क्यांची मजल मारली. अंजनवेलला अशा तीन जोडण्या आहेत, प्रत्येकीत दोन गॅस टर्बाइनं आणि एक वाफेचं, मिळून १९६७ मेगावॅट.

महाराष्ट्रानं ही युक्ती अंजनवेलच्या बरीच आधी केली होती, उरणला. १९७४ साली मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायला तेल लागलं. तेलाबरोबर गॅस येतो, आणि त्याला गिऱ्हाईक नसेल तर तो समुद्रावरच जाळून टाकावा लागतो. समुद्रातून नळ घालून हा गॅस उरणला आणला गेला, आणि तिथे बोकडविऱ्याला वीज मंडळानं १९८२ पासून गॅस टर्बाइनं उभी केली. आज तिथे १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइनं आणि त्यांच्या धुरावर चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच, असा ६७२ मेगावॅटचा हिशेब आहे. जो गॅस ज्योत होऊन आकाशात जायचा, त्याची मुंबईच्या उंबरठ्यावर वीज झाली. मला विचाराल तर आपल्या राज्याच्या अभियांत्रिकीतलं हे सर्वांत कमी कौतुक झालेलं काम आहे.

आणखी एक नवल सांगायलाच हवं. एवढं अजस्र टर्बाइन बंद असताना सुरू कसं करतात? आधी हवा दाबली गेली पाहिजे, तर आग पेटणार. आणि हवा दाबायला आधी टर्बाइन फिरलं पाहिजे. मग बाहेरून ढकलायला कोण? अंजनवेलसारख्या मोठ्या यंत्रांत हे काम त्याचं स्वतःचंच जनित्र करतं. एरवी फिरून वीज देणारं जनित्र त्या वेळी उलटी भूमिका घेतं, वीज घेऊन मोटर होतं, दांड्याला गती देतं. ठरावीक वेग आला की आत ज्योत पेटते, टर्बाइन स्वतःच्या बळावर उभं राहतं, आणि मोटर पुन्हा जनित्र होते. सारं अर्ध्या तासाच्या आत. विमानाच्या इंजिनांवरून घडवलेली लहान टर्बाइनं तर दहा मिनिटांत पूर्ण भारावर येतात.

पण सुरू व्हायला लागणारी ही वीजसुद्धा कुठून तरी यायला हवी. जाळंच काळोखात गेलं असेल तर? म्हणून काही केंद्रांना शून्यातून उठण्याची सोय ठेवावी लागते. कुठे लहान डिझेल जनित्र, कुठे नुसतं धरणाचं पाणी. ते आधी उठतात, शेजारच्याला उठवतात, मग त्याच्या शेजारच्याला. ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला, साठ कोटींहून अधिक लोक त्या पट्ट्यात राहत होते, तेव्हा जाळं असंच एकेक करून उभं केलं गेलं.

आता दोन दिवसांची गोष्ट, दोन्ही २०२० सालातली.

आचऱ्याची गावपळण सगळ्यांना माहीत आहे. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जातं, तीन दिवस घरांत दिवा लागत नाही. एका गावाचे दिवे मालवल्यानं देशाच्या जाळ्यात काट्यावर दिसण्याइतका फरक पडत नाही. पण सगळ्या देशानं एकदम दिवे मालवले तर? ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता हे खरोखर घडलं. करोनाच्या टाळेबंदीत नऊ मिनिटं घरातले दिवे बंद ठेवून पणत्या लावायचं आवाहन होतं. जाळं सांभाळणाऱ्यांचा अंदाज होता, बारा-तेरा हजार मेगावॅट मागणी उतरेल. उतरली किती? ३१,०८९ मेगावॅट! वीस-पंचवीस मिनिटांत देशाच्या मागणीचा चौथा हिस्सा गायब, आणि मग तितक्याच घाईनं परत.

त्या रात्री जलविद्युत केंद्रांनी सर्वांत मोठा वाटा उचलला. २५,५५९ मेगावॅटवरून ती ८,०१६ वर आली आणि पुन्हा चढली. कोळशाच्या केंद्रांनी जवळपास सात हजार मेगावॅट उतरवले, गॅसच्या केंद्रांनी १,९५१. गॅसचा आकडा लहान दिसतो खरा, पण कोळशाच्या केंद्रांचा पसारा केवढा आणि त्या रात्री चालू असलेले गॅसचे संच किती थोडे, हे ध्यानात घेतलं की त्यांची चपळाई कळते. ठेका ४९.७ ते ५०.२६ च्या मधे राहिला. आपण बाल्कनीत पणत्या लावून उभे होतो, तेव्हा पोफळीपासून हिमाचलपर्यंत झडपांवर हात ठेवून माणसं उभी होती. कुठेही जाळं कोसळलं नाही.

दुसरा दिवस १२ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली. लोकल जागेवर थांबल्या, सिग्नल गेले, रुग्णालयं जनित्रांवर आली. कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या होत्या. अशा वेळेसाठी मुंबईला १९८१ पासून एक खास कवच आहे. बाहेरचं जाळं डळमळलं की शहरानं स्वतःला तोडून घ्यायचं आणि ट्रॉम्बेसारख्या आतल्या केंद्रांवर बेट होऊन जगायचं. या कवचानं मुंबईला अनेकदा वाचवलं आहे. त्या सोमवारी मात्र शहराच्या आत त्या क्षणी तयार होणारी वीज शहराच्या भुकेला पुरली नाही, आणि बेट टिकलं नाही. बाहेरून आणलेली वीज स्वस्त पडते, म्हणून घरची केंद्रं कमी चालवली जातात. पण बाहेरचा दोर तुटला की जवळची, आधीच फिरत असलेली किंवा झटकन उठणारी वीजच कामाला येते. ट्रॉम्बेला १८० मेगावॅटचा गॅस संच आहे, पलीकडे उरण आहे. शहराजवळच्या अशा केंद्रांचं मोल त्या दिवशी सगळ्यांना दिसलं.

इथे आचऱ्याचा माणूस मला थांबवील. म्हणेल, आमच्याकडची लाईट अंजनवेलमुळे जात नाही, झावळ पडल्यामुळे जाते! खरं आहे ते. मोठं जाळं कितीही भक्कम असलं तरी शेवटचे काही किलोमीटर माड, आंबे आणि फणसांच्या गर्दीतून येतात. त्यात खारा वारा. तो इन्सुलेटरवर मिठाचा पातळ थर बसवतो. कोरडा असेपर्यंत हा थर निरुपद्रवी असतो, पण पावसाची पहिली भुरभुर आली की ओलं मीठ वीज वाहू देतं, ठिणगी उडते आणि फीडर ट्रिप होतो. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मालवण-देवगड किनाऱ्यावर खांब आडवे झाले, काही वाड्यांना कित्येक दिवस काळोखात काढावे लागले. तिथे गॅस टर्बाइनचा उपयोग शून्य. तिथे भर पावसात खांबावर चढणारा वायरमन लागतो, आणि ‘लायट इली!’ ही आरोळी खऱ्या अर्थानं त्याचीच असते. भरवशाच्या विजेला ही दोन्ही टोकं सांभाळावी लागतात.

गॅस केंद्राची स्वतःचीही एक दुखरी जागा आहे. कोळशाचा ढीग अंगणात पंधरा दिवस ठेवता येतो, गॅसचं तसं नाही, तो नळातून येत राहायला लागतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासात गॅसच्या विहिरी आणि नळ गोठले आणि लाखो घरं कडाक्याच्या थंडीत अंधारात गेली. आपल्याकडे गोठणं नाही, पण कमतरता आहे. उरणची टर्बाइनं गॅसच्या टंचाईनं वर्षानुवर्षं अर्धपोटी चालत आली आहेत.

अंजनवेलची कहाणी तर सगळ्या कोकणानं पाहिली. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प म्हणून ते उभं राहिलं, १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तोही गॅसवर नव्हे, नाफ्त्यावर. विजेच्या दरावरून रण पेटलं, २००१ मध्ये केंद्र बंद पडलं, त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉनच बुडाली. २००५ मध्ये ‘रत्नागिरी गॅस आणि वीज’ ही सरकारी कंपनी निघाली, यंत्रं दुरुस्त झाली, केंद्र पुन्हा उभं राहिलं. २०१३ मध्ये शेजारी द्रवरूप गॅसचं बंदर सुरू झालं. गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो आणि आकारमान सहाशेपट घटतं, म्हणून तर तो जहाजानं आणता येतो. पण ज्या समुद्रामुळे आचऱ्याच्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात, त्याच समुद्रानं इथेही हात आखडला. लाटा अडवणारी भिंत अपुरी होती, म्हणून बरीच वर्षं पावसाळ्यात गॅसची जहाजं धक्क्याला लागत नसत. शिवाय परदेशी गॅस महाग. युक्रेनचं युद्ध पेटल्यावर २०२२ मध्ये त्याचे भाव आभाळाला भिडले. २०२४ मध्ये देशात पंचवीस हजार मेगावॅटच्या आसपास गॅस केंद्रं होती, आणि देशाच्या एकूण विजेत त्यांचा वाटा दोन टक्क्यांच्या घरात होता.

म्हणजे ही केंद्रं वाया गेली का? २०२४ च्या उन्हाळ्यात याचं उत्तर मिळालं. केंद्र सरकारनं वीज कायद्यातल्या ११ व्या कलमाचा आधार घेऊन देशभरातल्या गॅस केंद्रांना १ मे ते ३० जून या काळात तयार राहायला सांगितलं. वर्षभर उभी असलेली यंत्रं नेमकी मागणीच्या शिखरावर हवीहवीशी झाली.

आणि हे शिखर आता दुपारी छळत नाही, संध्याकाळी छळतं. दिवसभर सौर पॅनेल भरभरून वीज देतात. सूर्य कलला की तासा-दोन तासांत ती सगळी उतरते, आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, एसी लागतात. शिवाय सौर पॅनेलमध्ये फिरतं काही नसतं, त्यामुळे पहिल्या सेकंदांत जाळ्याला सावरणारं ते वजनही मावळतं. जितकी सौर ऊर्जा वाढेल, आणि ती वाढलीच पाहिजे, तितकी संध्याकाळच्या या दोन तासांसाठी झटकन उठणाऱ्यांची गरज वाढेल. बॅटऱ्या येत आहेत, डोंगरावर पाणी चढवणारे प्रकल्प येत आहेत, ते हे काम हळूहळू आपल्या अंगावर घेतील. कोळशाच्या निम्म्यानं कर्बवायू सोडणारा गॅस तोवरचा सोबती आहे. अंजनवेल आणि उरण यांना वर्षभरात किती युनिट बनवली यावर जोखणं मला अन्यायाचं वाटतं. किती वेळा हाकेला ओ दिली, यावर त्यांना जोखावं आणि त्या तयारीचे वेगळे पैसे मोजावेत. बंद ठेवलेलं टर्बाइनही गंजतं, त्याला माणसं लागतात, देखभाल लागते, गॅसचा करार लागतो.

एक करून बघा. कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र आपल्या संकेतस्थळावर महाराष्ट्राचं वीजचित्र त्या त्या क्षणी दाखवतं. एखाद्या मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता मोबाईलवर ते उघडा. पन्नासच्या आसपास थरथरणारा ठेका दिसेल, कोयनेचा आकडा चढताना दिसेल, उरणचाही दिसेल. दहा मिनिटं बघत बसा आणि घरातल्या शाळकरी पोरांनाही शेजारी बसवा.